वीस मिलिमीटर

चाक बसलं, पण फिरेना.
हाताने ढकललं तर आतून खर्र करून
कॅलिपरने अडवलं,
दारातला म्हातारा कुत्रा पाहुण्याला अडवतो तसं.

सहासष्टची व्होल्वो अ‍ॅमेझॉन. रंग मोतिया,
म्हणजे एके काळी मोतिया.
सोलेफ्टिओच्या पुढे, नदीच्या वळणावर,
बंद पडलेल्या करवतगिरणीच्या शेडमध्ये
अकरा हिवाळे ठोकळ्यांवर उभी होती.

चाकं माझ्या भावाची, रुनेची.
ज्या गाडीसाठी त्याने घेतली
ती एका एल्कने संपवली
आणि एल्क चालत निघून गेला.
चाकं उरली.
आईचं घर विकलं तेव्हापासून
आम्ही बोलत नाही.
परवा पार्सलवाल्याने चार खोकी उतरवली.
चिठ्ठी नाही.
प्रत्येकात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एकेक चाक,
आणि टॉवेल आईचे.

पाच भोकं पाच स्टडना नेमकी जुळली.
जुळत नव्हतं ते बाकीचं.

गुन्वोर आली, सत्तरी उलटलेली,
चाळीस वर्षं लेथवर उभी राहिलेली बाई.
कॅलिपरवर तिने नातवाची खेळायची माती थापली,
चाक दाबलं, काढलं,
मातीत उमटलेला वळ वर्नियरने मोजला.
‘अठरा पुरतील. वीस करू.
ब्रेक तापला की लोखंडही अंगाने भरतं.’

मी म्हटलं, दोन-चार वॉशर सरकवले तर?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की शेडमधले डासही गप्प झाले.
‘नुसती चकती घातलीस तर स्टड आखूड पडेल,
नट तीन आट्यांवर लटकेल.
तीन आट्यांवर कुणी जीव ठेवतं?
लांब स्टड ठोकून घे.
आणि मधल्या भोकाला ओठ हवा,
तुंब्यावर गच्च बसणारा,
नाहीतर नव्वदच्या पुढे स्टिअरिंगला हीव भरेल.’

यात कुणाला नात्यागोत्याचं काही ऐकू आलं तर येवो.
तिने माप तळहातावर पेनाने लिहिलं
आणि थर्मासमधली कॉफी संपवली.

रात्रीचे अकरा,
उजेड जायचं नाव घेत नव्हता.
अ‍ॅल्युमिनिअमची साल लेथवरून
लांबच लांब सुटत होती, तुटत नव्हती.
पहिलं कडं हातात आलं तेव्हा गरम होतं.
मी ते मनगटात घालून पाहिलं:
अंगठ्याच्या बुडाशी अडकलं.
एवढीशी वस्तू. आत गेली की
कुणाला दिसणारही नाही.

मग एक सोडून एक,
चांदणी काढतात तसे नट आवळले,
टॉर्कपान्याचा टक्क ऐकू येईपर्यंत.
चाकाला टिचकी मारली.
फिरलं.
फिरत राहिलं,
आत कुणी बोलल्याचा आवाज नाही.

‘मागे कुणी बसलं तर टायर मडगार्डला लागेल,’
गुन्वोर जाताना म्हणाली.
मी म्हटलं, मागे कोण बसणार?
‘आणि ऐंशी किलोमीटर झाले की
नट पुन्हा तपास. नवं काम बसायला वेळ घेतं.’

समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याने
रुनेचं घर ब्याऐंशी किलोमीटर आहे.
हे मला नकाशा न बघता ठाऊक होतं.

त्याच्या अंगणात इंजिन बंद केलं,
पाना काढला, पुढच्या चाकाशी बसलो.
पहिला नट. दुसरा सोडून तिसरा.
दार उघडल्याचं ऐकलं, मान वर केली नाही.
तो पायमोज्यांनीच खडीवरून आला.

‘किती घातलेत?’
‘वीस.’
त्याने वाकून टायर आणि पत्र्याच्या मध्ये
दोन बोटं घातली, मग तिसरं घालून पाहिलं,
ते गेलं नाही.
‘बेताचंच आहे.’
‘हो.’

पान्याचा टक्क झाला.
तो तिथेच उभा.

‘टॉवेल?’ त्याने विचारलं.
‘धुतलेत,’ मी म्हणालो.
‘मागच्या सीटवर आहेत.’